एकाच मैदानावरची दोन भाषणं

भाद्रपदात, एका बुधवारी, दादा गेल्याची तार आली. वडील शेतात होते. आई चुलीपुढे होती. घरात इंग्रजी मलाच येत होतं, म्हणून तार मी वाचली.

पासष्टची पाकिस्तानबरोबरची लढाई तेव्हा चालू होती. दादाचा देह आला नाही, अस्थीही आल्या नाहीत. पुढे त्याच्या तुकडीतला एक जवान रजेवर आला, तेव्हा वाट वाकडी करून आमच्याकडे येऊन गेला. सरहद्दीच्या पलीकडे, आपण जिंकलेल्या भागात, उसाच्या शेताच्या बांधावर त्यांनी दादाला आणि आणखी काहींना एकाच चितेवर अग्नी दिला होता. पुढे सरकायचा हुकूम होता, राख तिथेच राहिली. एवढं सांगून तो चहा न घेता गेला.

देह मिळाला नाही, तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग दिवस घालतात. भटजींनी तेच सुचवलं होतं. वडील पळसाची पानं आणायला निघणारच होते. तेवढ्यात अमडापूरच्या बाजाराच्या मैदानावर सभा झाली.

संरक्षण निधीची सभा होती. आमच्या भागातले मोठे पुढारी बोलायला आले होते. आईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. साहेब चांगले बोलत, हे कबूल केलं पाहिजे. शत्रू राक्षस आहे, दगा त्याच्या रक्तातच आहे, असल्या माणसांशी बोलणी होत नसतात, असं ते म्हणाले. मग आईकडे हात करून म्हणाले, "या माउलीच्या लेकरानं जिथं देह ठेवला, ती जमीन आता भारताची. बोटभरही परत जाणार नाही. तिथली माती मी इथं आणीन आणि याच मैदानावर तिचा चबुतरा बांधीन." टाळ्या थांबेनात.

घरी आल्यावर आईने सांगून टाकलं, "पुतळा करू नका. माती येते म्हणे."

"अवं, भाषणातली गोष्ट हाय ते," वडील म्हणाले.

"भाषणातली काऊन? मले पाहून बोलले ते. एवढ्या लोकाइसमोर कोणी खोटं बोलते का?"

इथून सगळं अडलं. हिवाळ्यात करार झाला आणि दोन्ही देशांनी एकमेकांची जमीन परत करायचं ठरलं. मी तेव्हा गावच्या वाचनालयाचं काम पाहत असे. बातमी आली त्या संध्याकाळी पेपर घरी आणून आईला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेपरवाल्याले काय समजते?" माझं सारं शिक्षण त्या वाक्यापुढे आडवं पडलं. छापलेलं खोटं असू शकतं, तोंडासमोर बोललेलं असू शकत नाही, असा तिचा हिशेब होता. मी चिडून दोनदा, तीनदा वाचलं. ती डाळ निवडत राहिली.

अक्षय्य तृतीया आली, आमची आखाजी. गेलेल्या माणसांसाठी त्या दिवशी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. आजोबांची घागर भरली. दादाची भरता येईना, कारण त्याचा विधीच झाला नव्हता. वडील बाहेर जाऊन बसले.

पुढच्या हिवाळ्यात निवडणूक आली आणि साहेबही आले. तेच मैदान, तीच पहिली रांग, आईही त्याच जागी. या खेपेला राक्षस नव्हता. या खेपेला आपण एकाच आईची दोन लेकरं होतो, वाटणीवरून भांडलेली. शेजारचा देश रुसलेला धाकटा भाऊ होता. जमीन परत देणं हा थोरल्याचा मोठेपणा होता. उपरणं खांद्यावर टाकायची ढबही तीच, आणि ते टाकल्यावर टाळ्यांसाठी थांबणंही तेच. टाळ्या तेवढ्याच झाल्या.

माझ्या बाजूला बसलेला शेजारी हळूच म्हणाला, "वाटणीचं भांडण तं आमच्याबी घरी हाय, बाप्पा. आम्ही तोफा नाही आणल्या."

शांतता झाली याचं मला वाईट वाटलं नव्हतं. दादा येणार नव्हता, पण आणखी कोणाचा तरी दादा घरी राहणार होता. माझा जीव वैतागला तो वेगळ्या गोष्टीने. बोलणारा तोच, ऐकणारे तेच, आणि मागच्या वेळी काय ठरलं होतं, हे मैदानात एकालाही आठवत नव्हतं. फक्त आईला आठवत होतं.

सभा संपल्यावर सरपंचाच्या ओसरीवर चहा होता. आई तिथे गेली. मी मागे उभा राहिलो.

"साहेब, माती आणली का?"

"कोणती माती, मावशी?"

तिने सांगितलं. त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी कप खाली ठेवला. "मावशी, ती बी आपलीच माती समजा. धरती सारी एकच हाय."

"तवा तं तुम्ही म्हणे, राक्षस हायेत ते."

"तवा लढाई होती."

"आन माह्या पोराचं?"

"मी दिल्लीले लिहितो," साहेब म्हणाले. जीप चालू झाली होती.

वडील बैलगाडी हाकत होते. आई त्यांना म्हणाली, "लिहिते म्हणे. उद्या पळसाची पानं आणा."

पुतळ्याला नाल्याकाठी अग्नी दिला. वडिलांनी काडी माझ्या हातात दिली. त्या आखाजीला दोन घागरी भरल्या.

एकाहत्तरला पुन्हा लढाई झाली. साहेब पुन्हा आले, राक्षस पुन्हा आला. आईला न्यायला कार्यकर्ते आले, "चला मावशी, साहेबाइनं आठवण काढली."

"त्याईले सांगजा, मी मेथी निवडून राह्यली," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी पुन्हा करार झाला. बातमी मी वाचनालयातच वाचली, घरी नेली नाही.

आई-वडील आता नाहीत. दादाला पाहिलेला आमच्या घरात मी एकटाच उरलो आहे.