हार घातलेली निळी बाई

सांगते, सगळं सांगते. पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना भिशीतल्या एकीच्या नाकातून चहा आला होता. तुम्हाला काय, गंमत वाटणार! त्या दिवशी मला नव्हती वाटली.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. आठवडाभर आधी मी हॉलसाठी एक मोठी फ्रेम आणली होती. मॉडर्न पेंटिंग! मूळ चित्र परदेशात कुठेतरी असणार, आपल्याकडे त्याची छापील प्रत. पण रंग असे की पडदे ओढले तरी हॉल उजळलेला. एका बाईचा चेहरा. निळा. केस हिरवे, मागे भडक केशरी, आणि दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला.

आमच्या ह्यांनी नीट निरखून विचारलं, "हिला दवाखान्यात कधी न्यायचंय?"

"तुम्हाला कलेतलं काय कळतंय!" मी म्हटलं आणि विषय संपवला.

दसऱ्याला सकाळी दाराला तोरण झालं. स्कूटरला हार, मिक्सरला हार, शिलाई मशीनला हार, वॉशिंग मशीनलासुद्धा हार. तरी हातभर झेंडू उरला. आता झेंडू टाकवतो का हो आपल्याला? घातला फ्रेमला. निळ्यावर तो पिवळा असा काही खुलला की मी दोन पावलं मागे जाऊन स्वतःचंच कौतुक केलं.

माणसाच्या फ्रेमला हार कधी घालतात, हे मला माहीत नव्हतं? होतं की! पण माझ्या लेखी ती माणूस नव्हतीच, डेकोरेशन होती.

त्यात ह्यांची दाढ. दुपारी कळ असह्य झाली, तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांनी सण असूनही दवाखाना उघडून ती काढून दिली. संध्याकाळी हे सोफ्यावर, बरोबर फ्रेमखाली. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, बोलायला बंदी, डोळ्यांतून पाणी. मी आपट्याची पानं घेतली आणि वरच्या मजल्यावर सोनं द्यायला गेले. आमचं दार उघडंच होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे पाटीलकाका आले. ते माझ्या माहेरचे, सायखेड्याचे, मला शोभा म्हणूनच हाक मारणारे. पुढचं सगळं ह्यांनी मला नंतर कागदावर लिहून सांगितलं.

काका सोनं द्यायला पुढे आले आणि जागच्या जागी थबकले. समोर डोळे पुसणारा नवरा. वर हार घातलेली बाई.

"शोभा?"

ह्यांनी बोट वर केलं.

"अरे देवा! कधी?"

ह्यांनी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं झाली.

आता मला सांगा, दहा मिनिटांत फोटो फ्रेम होऊन, हार चढून, भिंतीवर लागतो का? पण दुःखात माणूस इतका हिशेब करत नाही. काकांनी ह्यांना कडकडून मिठी मारली, ती नेमकी सुजलेल्या गालावर. ह्यांनी असा हंबरडा फोडला की काकांची उरलीसुरली शंकाही गेली.

मी खाली आले तेव्हा काका निघून गेले होते आणि माझा फोन थरथरत होता. सायखेड्याच्या ग्रुपवर निळ्या बाईचा फोटो. खाली, 'आपल्या गावची लेक शोभाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि त्याखाली जोडलेले हातच हात!

मी घाईघाईने लिहिलं, 'अहो, मी जिवंत आहे!'

लगेच उत्तर आलं, 'ताईंच्या फोनवरून असली चेष्टा करणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.'

हसा, हसा. मीही हसणारच होते, पण मला आई आठवली.

आई सायखेड्याला दादाकडे असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. 'यांना कसलाही धक्का बसू देऊ नका,' असं डॉक्टरांनी बजावलेलं. दादाला फोन लावला तर एंगेज. वहिनी उचलेना. पाटीलकाकांच्या दाराला कुलूप! ग्रुपवर टाकून झालं, पण घरच्यांना दुःखाची बातमी फोनवर सांगू नये म्हणून ते स्वतः गाडी काढून सायखेड्याला निघाले होते.

मीही स्कूटर काढली. मागे हे, बोळ्यासकट. पंचवटीत ही गर्दी! देवळांत जाणारे, देवळांतून येणारे, झेंडूचे टेम्पो, आणि एक रिक्षावाला मध्येच थांबून कुणाला तरी सोनं देतोय. मला रडू फुटत होतं. रविवारी दादाच्या फोनवर आई बोलत होती, तेव्हा मी 'सारखं तेच तेच काय विचारतेस गं' म्हणून फोन ठेवून दिला होता. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं तर? माझ्या हातभर झेंडूपायी?

पोहोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. मला बघून एक काकू किंचाळल्या. पाटीलकाका मटकन ओट्यावर बसले. कुणाकडे न बघता मी आत धावले.

आई बाजेवर बसून लसूण सोलत होती.

"आली का? बैस. जावईबापूंच्या गालाला काय झालं?"

"आई! तू बरी आहेस ना? तुला कुणी काही सांगितलं का?"

"सांगितलं की. लय रडले समदे. फोटो बी दावला मला."

"मग?"

"मला नाय पटलं."

मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. अहो, रडू येणार नाही? निळा चेहरा, हिरवे केस, एका बाजूला दोन डोळे! ते बघून अख्ख्या गावाने मला ओळखलं, एकालाही वाटलं नाही की ही शोभा नव्हे. शेवटी जन्म देणारीलाच खरं कळतं!

"तुला कळलं ना गं आई, तो चेहरा माझा नाही ते?"

"चेहरा तुझाच वाटला बाई मला बी," आईने लसणीची पाकळी ताटलीत टाकली. "पन तोंड मिटलेलं व्हतं. म्हनलं, ही काय माझी शोभी नाय."