साडूच्या किडनीसाठी तीन गावं

गुरुवार, २१ नोव्हेंबर. अंबरनाथहून उल्हासनगर, तिथून बदलापूर आणि परत. स्कूटरवर दोघं. पेट्रोल दोनशेचं.

प्रकाश माझा साडू, आनंदनगरच्या कारखान्यात टर्नर. त्याची किडनी बदलावी लागेल, असं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझी बायको याच आजाराने जूनमध्ये गेली. तिच्या वेळी योग्य डॉक्टरपर्यंत पोचायला आम्हाला उशीर झाला. म्हणून या वेळी मीच सुट्टी टाकली.

अंबरनाथच्या मोरिवलीहून नऊला निघालो. फाईल सवयीने माझ्याच काखेत. हिची फाईल चार वर्षं मीच सांभाळली होती.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये प्रकाशच्या ओळखीचे सिंधी औषधवाले आहेत. फाईल बघून त्यांनी मला स्टूल दिलं. "साईं, पेशंट को बैठने दो."

"पेशंट मैं हूँ," गुटगुटीत प्रकाश म्हणाला.

"मजाक मत कर यार. इनका चेहरा देख!"

पण सल्ला कामाचा दिला. आधी डायलिसिस सेंटर गाठा, तिथल्या पेशंटना विचारा. तुम्ही शोधत असाल तर तुम्हीही हेच करा.

नाश्त्याला दाल-पकवान. वेटरने प्लेट प्रकाशपुढे ठेवली आणि मला विचारलं, "अंकल, आपके लिए सादी खिचड़ी?" मी प्लेट माझ्याकडे ओढली. प्रकाशला डाळ मोजूनच खायची आहे.

"दादा, एकच घास."

"नाही."

बदलापूरचा रस्ता बरा, पण जिथे काम चालू आहे तिथे धूळ फार. रुमाल बांधा. तिथल्या सेंटरमध्ये डायलिसिसला आलेल्या एका मावशींनी सगळं सांगितलं: ऑपरेशन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात होतं, पण तिथल्या किडनीच्या डॉक्टरबाई गुरुवारी दुपारी इथे येतात. तपासण्या त्याच सुरू करून देतात.

तीनला नंबर लागला. बाईंनी फाईल घेतली आणि बीपीचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. माझं बोलणं मुळात कमी. पेशंट हा आहे, हे सांगेपर्यंत पट्टा फुगला होता.

"मग तुम्ही कोण?"

"फाईलवाले," प्रकाश म्हणाला.

बाई हसल्या. "किडनी कोण देणार?"

"बायको. वीस वर्षं डोकं खाल्लं, आता किडनी देतेय."

त्या रिपोर्ट वाचत राहिल्या.

"अजून डायलिसिसही लागलेलं नाही. वेळेत आलात. सोमवारी बायकोला घेऊन मुंबईला या."

चिठ्ठी मिळाली. प्रकाशला त्याच्या दारात सोडलं. तो काहीतरी बोलत होता, मला ऐकू येत होतं ते एवढंच, वेळेत आलात.

घरी येऊन हातपाय धुतले. पीठ मळलं. तीन चपात्या लाटल्या, तिन्ही वेगवेगळ्या आकाराच्या. तवा तापत ठेवला.