हात कुणाला केला

अमेरिकेत, बफेलोला आमच्या अपार्टमेंटपासून नदी चालत जाण्याइतकी जवळ होती. पलीकडचा काठ म्हणजे कॅनडा. मध्ये जुना, लोखंडी रेल्वेपूल. त्यावरून दिवसभर मालगाड्या जा-ये करायच्या. लाकूड यायचं, मोटारी यायच्या, धान्य यायचं. माझी आई मात्र पलीकडेच, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, महिनाभर अडकून होती.

मला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण. आईने यायचं ते माझ्यासाठी, हे आधीपासून ठरलेलं. पण मुंबईला तिचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला. कॅनडाचा मिळाला, कारण धाकटीने तिकडून कागद पाठवले होते. "निदान तुझ्या जवळ तरी येते," आई म्हणाली. मी तिकडे जावं म्हटलं, तर नवऱ्याच्या, आणि त्यावरच असलेल्या माझ्याही, व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं. वकिलाने बजावलं होतं, देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येता येईल याची खात्री नाही.

म्हणजे डोहाळे मला आणि आई तिला. धाकटीला ना दिवस गेलेले, ना काही दुखतखुपत. तरी रोज फोनवर ऐकायचं, आज आईने थालीपीठ लावलं, आज माझ्या डोक्याला तेल चोळून दिलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एवढी घोडी झालीस, तेल कसलं चोळून घेतेस? फोन ठेवला की मी भांडी आपटत बसायचे. "यार, ती काय मुद्दाम करतेय का?" नवरा म्हणायचा. मुद्दाम करत नव्हती हे मलाही कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता.

एकदा धाकटीचा नवरा ऑफिसच्या कामाने मोटारीने इकडे आला, तेव्हा आईने डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला. मोटारींच्या पुलावरच्या कस्टम्स ऑफिसरने झाकण उघडून वास घेतला आणि सोडून दिलं म्हणे. लाडवांना एंट्री मिळाली. मी एक तोंडात टाकला आणि माझं डोकंच फिरलं. गूळ कमी होता. गोड कमी लागतं ते धाकटीला, मला नाही.

आमचं हे असं लहानपणापासूनच. आमचे बाबा मालगाडीचे गार्ड होते. भुसावळला रुळांच्या कडेला आमचं रेल्वे क्वार्टर. बाबांची गाडी जायच्या वेळी आई आम्हा दोघींना घेऊन कुंपणाशी उभी राहायची. शेवटच्या डब्यातून बाबा हात करायचे आणि गाडी गेली रे गेली की आमची जुंपायची. "मला केला!" "नाही, मला!" एकदा मी तिची वेणी इतकी ओढली की रिबीन माझ्या हातात आली. "अगं, मला केला," आई म्हणायची, "तुम्ही बसा भांडत." बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

शेवटी एका रविवारी ठरलं, मी इकडच्या आणि आई-धाकटीने तिकडच्या काठावर यायचं. नवऱ्याने पक्षी बघायची दुर्बीण आणली. त्यातून आई दिसली. जांभळी साडी, वर धाकटीचं ढगळं जाकीट. धाकटीने स्वतःची दुर्बीण तिच्या डोळ्यांना धरली होती.

"पोट दिसेना गं," आई फोनवर म्हणाली.

"थांब, बाजूने उभी राहते." मी कोट उघडला आणि नदीकडे कूस करून उभी राहिले.

"आता दिसलं," ती म्हणाली.

तेवढ्यात त्यांच्या बाजूने मालगाडी पुलावर आली. आईने फोन धाकटीकडे दिला आणि हात वर केला. डबे संपेपर्यंत तो तसाच वर होता. इथल्या मालगाडीला गार्ड नसतो, मागे नुसता एक लाल दिवा लुकलुकतो.

"ताई, बघितलंस?" धाकटी म्हणाली. "रोज हेच चाललंय. इकडून गाडी निघाली की ही हातातलं काम टाकून बाल्कनीत. मी म्हटलं, आई, गार्ड नाहीये गं, कुणाला हात करतेस? तर म्हणते, गार्ड नसू दे, गाडी ताईकडे चाललीय ना." मग जरा थांबून म्हणाली, "तुला करते ती हात. मी शेजारीच उभी असते."

तिच्या आवाजात काय होतं ते मी लगेच ओळखलं. महिनाभर मीही तशीच तर कुढत होते. मला तिची कीव यायला हवी होती. पण खरं सांगते, मला अगदी गारगार वाटलं.

"माहितेय मला," मी म्हणाले.

गाडी संपली. आईने हात खाली घेतला. तिकडचा उतार निसरडा असावा, कारण तोच हात तिने धाकटीच्या खांद्यावर टेकला आणि दोघी सावकाश वर चढू लागल्या. केलेला हात मला मिळाला होता, टेकलेला तिला. "चल, गार वारा सुटलाय," नवरा म्हणाला, तरी दुर्बिणीतून मी त्या खांद्याकडेच बघत राहिले.