दोन बोटं आखूड

आमच्या इथल्या, परदेशातल्या वेरिबीच्या घराला गराज आहे, पण त्यात गाडी कधी शिरलीच नाही. तिथे नवऱ्याच्या रायफली राहायच्या. गाडी बाहेर उन्हात रापायची आणि त्या जुन्यापुराण्या बोल्ट-ॲक्शन बाया आत, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटात, सुखात.

बोल्ट-ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने दांडी मागे ओढायची, पुढे ढकलायची. आपल्याकडे हवालदाराच्या खांद्याला थ्री-नॉट-थ्री दिसायची ना, तीच. इथे दुसऱ्या महायुद्धानंतर त्या स्वस्तात निघाल्या आणि लोकांनी सशांच्या शिकारीसाठी लाकूड कापून त्यांची पार वाट लावली. खरे शौकीन अशा कापलेल्या रायफलीकडे ढुंकून बघत नाहीत. आमचे महाशय नेमक्या त्याच उचलून आणायचे. "अगं, हिला दुसरं कोण घेणार?" असं म्हणायचा, आणि वर माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा!

मग तिला अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार कानस न् पॉलिशपेपर. त्यावर जवसाचं तेल चोळत बसायचं, तासन् तास. त्या वासापायी मी जवसाची चटणी करणंच सोडून दिलं. माझ्या जुन्या सुती साड्यांची फडकी झाली. शिवणाची टेप तर कायम गायब. एकदा मी कणीक मळत होते, तर ती टेप घेऊन आला आणि म्हणाला, "हात कोपरात दुमड जरा." कोपराच्या खळगीपासून बोटापर्यंत काहीतरी मोजलं. टेपला पीठ लागलं म्हणून मीच ओरडले.

मला राग होता त्या छंदाचा, खोटं कशाला बोलू? लेक सिडनीला, स्कोफिल्ड्सला, तिच्या संसारात. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांतला एक गराजमध्ये. "चल ना एकदा रेंजवर," असं दर रविवारी विचारायचा. "कान फोडून घ्यायला? तू जा," असं मी म्हणायचे. मग तो एकटाच नेमबाजीला जायचा.

कपाटाच्या किल्लीचं आणखी एक नाटक. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला किल्ली कुठे आहे ते कळता कामा नये, असा इथला कायदा. बँकेचा पिन मला ठाऊक, त्याच्या पोटातलं ओठांवर यायच्या आधी मला ठाऊक, आणि किल्ली तेवढी माझ्यापासून लपवायची! दाढीच्या सामानाच्या पाऊचमध्ये असायची. मला पहिल्या महिन्यातच सापडली होती. पण तो इतक्या मनापासून लपवायचा, की मी कधी बोलले नाही.

शेवटची रायफल त्याने बिघडवली असं मला वाटलं होतं. चहा द्यायला गेले, तर खांद्याला लावून बघत होता आणि त्याचं नाक जवळजवळ अंगठ्यावर टेकत होतं.

"दस्ता कापलास ना जास्त? चांगला दोन बोटं आखूड झालाय!" मी म्हटलं.

"झालाय खरा," तो म्हणाला आणि हसत तेल चोळत राहिला. पुढे जो येईल त्याला मी हा किस्सा सांगायचे. तो ऐकून घ्यायचा.

गेल्या हिवाळ्यात तो ऑफिसातच कोसळला आणि गेला. लायसन्स त्याच्या नावावर, माझ्याकडे काहीच नाही. म्हणून रायफली एका बंदूकवाल्या दुकानदाराकडे ठेवायला गेल्या. आता विकायच्या, की स्वतः लायसन्स काढून ठेवायच्या, हे मी ठरवायचं होतं.

"आई, जस्ट सेल देम. व्हाय वुड यू कीप गन्स?" लेक फोनवर म्हणाली. तिचं बरोबरच होतं. मला त्या कधी हव्या होत्या?

गराज मोकळं झालं म्हणून एक दिवस गाडी आत घातली. इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. जवसाच्या तेलाचा वास अजून होता. इतकं एकटं वाटलं की गाडी पुन्हा बाहेर काढली.

विकायचं ठरवून दुकानात गेले. दुकानदार म्हातारा, बोलका. बाकीच्यांना गिऱ्हाईक मिळेल म्हणाला. आखूड दस्त्याची रायफल मात्र त्याने हातात घेऊन उलटसुलट केली. "काम सुंदर आहे. पण ही त्याच्या मापाची नाही. कुणासाठी बनवत होता?"

"कुणासाठी नाही हो, कापताना चुकला," मी सवयीने म्हटलं.

"चुकून कापलेल्यावर कुणी इतकं पॉलिश करत नाही," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आतली दांडी काढून बाजूला ठेवली आणि रायफल माझ्या हातात दिली. कशी धरायची तेही दाखवलं.

खांद्याला लावली. गाल लाकडावर नीट टेकला. बोट आपोआप घोड्यावर गेलं. दस्ता माझ्या कोपराच्या खळगीपासून बोटापर्यंत होता, बरोब्बर.

"अरे, मग सांगायचं ना! इतकं हसले मी तुला, एकदा तरी सांगायचं ना रे!" मी मोठ्याने म्हणाले.

"सॉरी, लव्ह?" दुकानदार म्हणाला. त्याला मराठी कुठलं कळणार?

डोळे पुसले आणि त्याला विचारलं, लायसन्सला काय काय लागतं? बाकीच्या विकल्या. ही ठेवली.

लेकीला अजून हे वेडेपण वाटतं. रविवारी मी रेंजवर जाते. कान फुटत नाहीत, वर कान झाकणारे मफ्स असतात. तिथली माणसं चांगली आहेत, चहा विचारतात. पण नेम लागला की मी वळून बघते, आणि मागे कुणी नसतं.

किल्ली कुणाला सापडता कामा नये, हा कायदा आता मला लागू आहे. घरात शोधणारं कुणी नाही. तरी मी ती रोज त्याच्या दाढीच्या पाऊचमध्ये लपवते.