पाव तास पुढची घोडी

पुढाऱ्याने गच्चीवर घोडी बांधली आहे, ही बातमी तळमजल्यावरून निघाली आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती घोडी गाभण राहिली होती. वाटेत कोणी तिला पांढरा रंग दिला, कोणाला लिदेचा वास आला, कोणी तर तिचं खिंकाळणं ऐकून दचकून उठलंसुद्धा. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर बिल्डिंगचे सेक्रेटरीही आहेत. त्यांनी ‘जिन्यातून जनावर नेण्यास सक्त मनाई’ असा फलक लिहायला घेतला.

घोडी होती हे खरं, पण तिला तीन पाय होते आणि तिन्ही लोखंडाचे. गॅरेजमध्ये गाडी उचलून जिच्यावर टेकवतात तिला घोडी म्हणतात. पुढाऱ्याचा जन्म बस डेपोत गेलेला, त्यामुळे ज्याला पाय आहेत आणि ज्याच्यावर काहीतरी बसतं ते सगळं त्याच्या लेखी घोडी. ही होती दुर्बिणीची. दुर्बीण हिच्या पाठीवर बसते आणि ही आतल्या मोटारींच्या जोरावर मान वळवून तिला आकाशात हवं तिथे नेते. एका कॉलेजने अडगळीची खोली रिकामी केली तेव्हा दोघी बाहेर पडल्या. अडगळ वाटायची म्हटली की रांगेत पहिला पुढारीच असणार.

पुढारी हे काही त्याचं नाव नव्हे. तो डेपोत टाइमकीपर होता आणि डेपोचं घड्याळ पाव तास पुढे ठेवायचा, म्हणून ड्रायव्हर लोकांनी ते त्याला चिकटवलं. तो मात्र आजतागायत समजतो की लोक आपल्याला नेता मानतात. कोणी जिन्यात “काय पुढारी!” म्हटलं की छाती काढून दोन पायऱ्या चढतो. त्याच्या राज्यात एकही बस उशिरा सुटली नाही. सगळ्या वेळेआधी सुटल्या, प्रवासी तेवढे मागे राहिले. ते तक्रार करायला आले की हा खिडकीतून घड्याळाकडे बोट दाखवायचा आणि खिडकी लावून घ्यायचा.

स्वतःच्या लग्नाला तो इतका लवकर पोचला, की आदल्या लग्नाच्या अल्बममध्ये त्याचे दोन फोटो आहेत. निवृत्तीच्या दिवशी सत्काराचा हार घेऊन साहेब आले, तेव्हा सत्कारमूर्ती घरी पोचून पायही धुऊन मोकळी झाली होती. लोकांचं वरातीमागून घोडं असतं, याचं घोडं वरात ठरायच्या आधीच दारात.

घरात भिंतीवरचं घड्याळ पाव तास पुढे, गजराचं पुढे, बायकोच्या मनगटावरचं पुढे, आणि मुलीने सासरी जाताना मागे ठेवलेला कॉम्प्युटर, तोही पुढे. तो म्हातारा कॉम्प्युटर मध्येमध्ये सरळ वागून खरी वेळ दाखवायला लागायचा. पुढाऱ्याने त्याची ती खोड कुठलंसं बटण शोधून कायमची मोडली. “एका घरात दोन वेळा चालणार नाहीत,” असं त्याने त्याला तोंडावर सांगितलं. बायको बिचारी लग्न झाल्यापासून वजाबाकी करून जगते. घड्याळात आठ वाजले की ती मनात पावणेआठ म्हणते आणि शांतपणे कुकर लावते. पुढाऱ्याला वाटतं घर आपल्या घड्याळावर चालतं. चालतं ते तिच्या वजाबाकीवर.

तर ही घोडी गच्चीवर आली आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. तिचा जो हातातला रिमोट होता त्याचा पडदा केव्हाच मेलेला. म्हणजे आता तिला हुकूम द्यायचा तर कॉम्प्युटरमधून. पुढाऱ्याने घोडीच्या कुशीतलं भोक पाहिलं. ते हुबेहूब टेलिफोनच्या भोकासारखं. मग काय, त्याने घरच्या फोनची वायर उपटली आणि तिथे खोचली. बसली चपखल. घोडी ढिम्म. त्या वेळी बायको फोनवर बहिणीशी बोलत होती आणि वाक्य ऐन रंगात आलेलं होतं. ते वाक्य पुढे पुरं झालं, पण बहिणीशी नाही, पुढाऱ्याशी झालं.

शेवटी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणजे बंद करून पुन्हा चालू करतो. पण आव असा, की त्यानेच तो शोधून काढला. त्याने घोडीची खरी वायर कुठूनशी पैदा केली. तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ टाचण्यांचं जाडजूड डोकं. याच्याहूनही जुन्या कॉम्प्युटरना तशी भोकं असायची, याला नव्हतं. मग मधे बसवायला एक छोटा अडॅप्टर आला. तो लावला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा नाचायला लागला. खिडक्या उघडतायत, मिटतायत, मुलीच्या लग्नाचे फोटो आपोआप कचऱ्यात चाललेत.

“अरे, हे काय चाललंय?” पुढारी ओरडला.

मेहुण्याने पडदा निरखला आणि खाली मान घालून म्हणाला, “भावोजी, कॉम्प्युटरला वाटतंय की तुम्ही माऊस जोडलाय.”

“माऊस? एवढी माझी घोडी, आणि हा तिला उंदीर समजतो?”

“जुन्या वस्तू वायरीतून सारखी बडबड करतात ना, तिची बडबड त्याला माऊससारखी वाटली.”

“घोडीचा उंदीर केलास, आता त्या उंदराची शेपटी धर,” आतून बायको म्हणाली, “पण आधी फोटो बाहेर काढ.”

फोटो निघाले, उंदराची समजूत मोडली, आणि एका संध्याकाळी पुढाऱ्याने कळ दाबताच घोडी खरंच हलली. घर्र घर्र करत तिने मान वळवली आणि पाण्याच्या टाकीला नमस्कार केला. पुढारी इतका हरखला की त्याने मेहुण्याला चक्क चहा विचारला. मेहुण्याला तो मिळाला नाही, पण विचारला, हे त्या घराच्या इतिहासात नोंदवण्यासारखं.

इकडे डॉक्टरांचं चित्त गच्चीवरच्या घोडीच्या कोपऱ्यावर होतं. त्यांना तिथे दुसरी टाकी हवी होती. त्यांच्या दवाखान्यात पेशंट चुळा भरून भरून बिल्डिंगचं अर्धं पाणी संपवतात, ते एक असो. ते पुढाऱ्याला जिन्यात गाठून म्हणाले, “काय पुढारी, यंत्र चालतं म्हणता?”

“पळतं.”

“मग रविवारी सगळ्यांना कॉम्प्युटरवरून चंद्र दाखवा. हात न लावता. दाखवलात तर कोपरा तुमचा. नाहीतर घोडी खाली आणि टाकी वर.”

“दाखवतो. घोडामैदान जवळच आहे.”

घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं, “आणि खाली आली तर ठेवणार कुठे?”

पुढाऱ्याने घरभर नजर फिरवली. दोन खोल्या, एक पलंग, एक कपाट, आणि कपाटावर आधीच बसलेलं डेपोचं मोडकं घड्याळ. घोडी खाली आली तर थेट भंगारवाल्याच्या गाडीवरच चढणार, हे दोघांनाही कळलं. नंतर तो गच्चीवर जाऊन घोडीवर जुनी चादर पांघरून आला, हे तिने जिन्याच्या दारातून पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

रविवारी ऊन उतरता उतरता बिल्डिंग गच्चीवर लोटली. चंद्र कुणाला पाहायचा नव्हता. पुढारी तोंडावर आपटताना पाहायचा होता, आणि त्यासाठी काहींनी घरून खुर्च्याही आणल्या होत्या. डोक्यावर अर्धा चंद्र दिवसाढवळ्या लख्ख दिसत होता, कुत्र्यामांजरालाही दिसावा असा. टेबलावर कॉम्प्युटर, त्यातून वायर घोडीला, आणि घोडीवर दुर्बीण.

मेहुण्याने शेवटची तपासणी केली. “भावोजी, गाव बरोबर टाकलंय, तारीख बरोबर. वेळ बरोबर आहे ना? चंद्र कुठे आहे हे तो वेळेवरूनच काढतो.”

पुढाऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं फुकट्या प्रवाशाकडे पाहावं. “टाइमकीपरला वेळ विचारतोस?”

मेहुण्याने कळ दाबली. घोडी घर्र घर्र करत उठली, वळली, चंद्राच्या रोखाने निघाली, आणि ऐटीत थांबली. पुढाऱ्याने खुर्चीतून न उठता हात पुढे केला. “पाहा.”

डॉक्टरांनी डोळा लावला. “निळं आहे.”

“काय?”

“निळं. नुसतं निळं. चंद्राचा दातसुद्धा नाही.”

मग एकेकाने डोळा लावला आणि एकेकाने निळं पाहिलं. वरचा शिंपी म्हणाला, कापड चांगलं आहे, पण नक्षी नाही. कोणी म्हणालं, घोडी आंधळी निघाली. मेहुण्याने पुन्हा कळ दाबली, घोडी जराशी कुरकुरली आणि पुन्हा तिथेच, चंद्राच्या पुढे नाक करून उभी. चंद्र बाजूला एवढा ढळढळीत, की डॉक्टर म्हणाले, “अहो, जरा हाताने ढकला की.”

“हाताने ढकलायची तर कॉम्प्युटर कशाला?”

“तेच तर आम्ही विचारतोय!”

गच्ची खदखदली. पुढाऱ्याचे कान लाल झाले. तो उठला, घोडीच्या कुशीतून वायर हिसकून काढली आणि म्हणाला, “झालं समाधान? जा आता, बसवा तुमची टाकी.” घर्रघर्र बंद पडली. घोडी मान ताठ ठेवून जागच्या जागी गोठली.

लोक खुर्च्या उचलायला लागले. डॉक्टर तर पावलांनी कोपरा मोजायला लागले. तेवढ्यात पुढाऱ्याची बायको दोरीवरचे कपडे काढायला वर आली. तिने ताठ घोडी पाहिली, लाल कान पाहिले, आणि सगळी हकीकत न विचारताच म्हणाली, “थांबा जरा. आमच्याकडे सगळं पाव तासाने येतं. गॅस येतो, पाहुणे येतात. चंद्रही येईल.”

तिने चिमटे काढता काढता हे असं सांगितलं, की लोक हसले आणि हसता हसता थांबले. तशीही रविवारची संध्याकाळ, घरी जाऊन तरी काय करायचं होतं? मेहुण्याने मात्र स्वतःचा मोबाइल काढला, त्यातली वेळ पाहिली, कॉम्प्युटरवरची पाहिली, आणि कपाळावर हात मारून घेतला. बोलला नाही. बहिणीने डोळे वटारले होते.

कपड्यांच्या घड्या झाल्या. शिंपी खुर्चीत पेंगला. डॉक्टरांनी जाता जाता नुसती चेष्टा म्हणून दुर्बिणीला डोळा लावला, आणि त्यांचा आवाज दवाखान्यातल्या पेशंटसारखा निघाला. “आ! आ! आला!”

काठ आला आधी, धुतलेल्या बशीसारखा पांढरा. मग खड्डे, मग खड्ड्यांच्या सावल्या. घोडी तसूभरही हलली नव्हती. चंद्रच चालत चालत तिच्या नाकासमोर येत होता. मग जी झुंबड उडाली ती विचारू नका. शिंपी खुर्चीसकट धावला, डॉक्टर एकदा पाहून पुन्हा रांगेत घुसले. सगळ्यांचं होतंय न होतंय तोवर चंद्र दुसऱ्या बाजूने निघून गेला आणि निळं परत आलं.

आता मेहुण्याला राहवलं नाही. “भावोजी, घोडी बरोबर होती. तुमचं घड्याळ पाव तास पुढे आहे. पाव तासाने चंद्र जिथे येणार, तिथे ती आधीच जाऊन उभी राहिली!”

गच्ची जी हसली, ती पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली. आयुष्यभर आपलंच घोडं पुढे दामटलं, तेव्हा घोडी तरी दुसरं काय शिकणार! डॉक्टरांनी डोळे पुसले आणि ऐन मोक्याला सेक्रेटरी झाले. “ठीक आहे, पुढारी. चंद्र दिसला, हे मी नाकारत नाही. फक्त सगळ्यांसमोर एवढं म्हणा की माझी घोडचूक झाली, माझं घड्याळ चुकलं. कोपरा तुमचा.”

बायको कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभी राहिली. तिच्या तोंडावर साफ लिहिलेलं होतं: म्हणा हो, एकदाच म्हणा, दोन शब्दांचं तर काम आहे. पुढाऱ्याने घोडीवर चादर टाकली आणि तिची टोकं पायांना नीट बांधली.

ती घोडी आजही त्या कोपऱ्यात आहे, टाकी नाही. डॉक्टरांनी कोपरा का सोडला हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. हसून हसून पोट दुखलेला माणूस भांडणार कसा? कारण पुढारी वळला आणि म्हणाला,

“घोडचूक कसली? माझी घोडी वेळेवर हजर होती. उशिरा आला तो चंद्र.”