बोक्यानं भांडून आणलेला नियम

त्याला सगळे बोका म्हणायचे. चौदा वर्षं एकाच संघात राखीव गोलकीपर. म्हणजे पहिला जायबंदी झाला तर खेळायचं, एरवी बाकाला ऊब द्यायची. त्याचं त्याला दुःख नव्हतं. राग होता तो वेगळाच.

लीगमध्ये पगाराला मर्यादा होती. सगळ्या खेळाडूंवर मिळून कुठल्याच संघानं ठरल्या रकमेपेक्षा जास्त खर्चायचं नाही, म्हणजे गडगंज संघ चांगले खेळाडू पळवणार नाहीत आणि सामने चुरशीचे होतील. पण रक्कम कमी पडली की कात्री लागायची ती जुन्यांच्या पगाराला. बोका खेळाडूंच्या संघटनेत शिरला. दोन वर्षं संघासंघांत हिंडला, एकेकाच्या विनवण्या केल्या, संपही घडवून आणला. शेवटी नियम झाला: दहा वर्षं खेळलेल्याला अमुक पगाराखाली ठेवता येणार नाही. खेळाडूंच्या वतीनं सही बोक्याचीच.

पुढच्याच हंगामाआधी मॅनेजरनं त्याला बोलावलं. बस म्हणालाही नाही.

"तुझ्या पगारात मला दोन नवे गोलकीपर मिळतात."

"मग मला निम्मा द्या. मी तक्रार करणार नाही."

"निम्मा दिला तर दंड आम्हाला. नियम कोणी आणला रे?" मॅनेजर हसला.

बोक्याचं नाव संघातून कटलं. घरी बायको एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण."

आठवड्यानं मॅनेजरचाच फोन आला. कपडे-बूट सांभाळायला माणूस हवा होता. नोकरांचा पगार मर्यादेत धरत नाहीत. बोका गेला. घामट मोजे धुतले, बुटांचा चिखल खरवडला. सरावाला गोलकीपर कमी पडला की गोलमध्येही उभा राहायचा. मॅनेजर काणाडोळा करायचा. फुकटचा गोलकीपर कोणाला नको?

मग दुसऱ्या एका संघानं चुगली केली, की खेळाडूला नोकर दाखवून हे मर्यादा चुकवताहेत. लीगचा तपासनीस आला. मॅनेजरनं बोक्याकडं बोट दाखवलं.

"आम्ही कधीच सांगितलं नाही. हाच मध्ये घुसतो."

संघात जुने दोघेच उरले होते. त्यांच्या तोडीचे स्वस्तात मिळत नव्हते, म्हणून टिकलेले. पगार मात्र बोक्याच्या नियमानं. तपासनीसानं त्यांना विचारलं.

"त्याला खोडच आहे," एक म्हणाला. दुसरा बुटाची नाडी बांधत राहिला.

हुकूम लेखी आला: बोक्यानं चेंडूला हात लावायचा नाही.

"मग हवा कोण भरणार?" बोक्यानं विचारलं.

तपासनीसानं कपाळाला आठ्या घालून विचार केला. "हवा भरताना चालेल."

बोका चार वर्षं हवा भरत राहिला. खोड आहे म्हणणारा निवृत्त झाला, त्या दिवशी हारतुऱ्यांतून वाट काढत तो कपड्यांच्या खोलीत आला. बोक्याच्या ओल्या हातात त्यानं एक नोट कोंबली.

"तुझ्यामुळे शेवटी चार पैसे गाठीला लागले रे. ठेव, चहाला होतील."

बोक्यानं ती झटकून वाळवली आणि खिशात घातली. मग त्या निवृत्त झालेल्याची जर्सी इतरांच्या कपड्यांत टाकून मशिन सुरू केलं.