शकुनची माची

मी पळसाच्या पानांचे मुखवटे कापत बसले होते. महिन्याच्या बैठकीत ते शकुनसमोर मांडायचे आणि तिचा चेहरा पाहायचा, एवढाच बेत होता. तेवढ्यात तिच्या मदतनीस मावशींचा फोन आला. "बाई गेल्या वो..." कावीळ वाढली म्हणून शकुनला गोंदियाला दवाखान्यात नेलंय हे ठाऊक होतं, पण ती परत येणार हे मी गृहीतच धरलं होतं. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता हे मुखवटे दाखवायचे कुणाला? रडू त्यानंतर आलं.

आम्ही दोघी अंगणवाडीसेविका. चिचगडच्या पुढं जंगलाला लागून माझं गाव, नाल्यापलीकडे तिचं. देवरीच्या प्रशिक्षणात एकाच सतरंजीवर बसलो होतो. पुढं काय करायचं ठरवलंय, असं प्रशिक्षक बाईंनी विचारलं तेव्हा मी ताडकन सांगितलं, "पर्यवेक्षिका व्हायचंय." शकुन म्हणाली, "माह्या अंगणवाडीतलं पोर पहिलीत गेल्यावर रडलं नाई पाहिजे, बस." सगळ्या तिच्याकडे वळून पाहू लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं उत्तर मला का सुचू नये?

तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. घरी गोंडी बोलणारी मुलं वर्गात गप्प बसतात म्हणून ती गोंडी शिकली. मग मीही शिकले. तिनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, मीही केलं, तिच्याहून जास्त गुण मिळवले आणि ते तिला दोनदा ऐकवले. ती दाराजवळ सुंभानं विणलेल्या बुटक्या माचीवर बसायची, म्हणजे आत येणाऱ्या पोराला वर मान करून बघावं लागत नसे. मी तशीच माची करून घेतली, ती माझ्या वजनानं मोडली. लोक माझ्याबद्दल म्हणायचे, वनमालाबाईंनी केवढी प्रगती केली! खरं तर ती सगळी तिच्या मागे घेतलेली धाव होती. मला एकच हवं होतं... एकदा तरी तिनं माझं काही उचलावं.

ती मोहाच्या बिया मांडून मोजणी शिकवायची. मी ऐकलं आणि मला धीर कुठला! बिया यायला अवकाश होता, म्हणून ताजी फुलं मांडली. पोरांनी मोजता मोजता सगळी खाल्ली. आया न्यायला आल्या तर अर्धा वर्ग मोहाच्या गुंगीनं पेंगलेला. पुढच्या बैठकीत कुजबुज झालीच. "कुणाकडे घडलं हे?" पर्यवेक्षिकाबाईंनी विचारलं. मी मान खाली घालून बसले होते, आणि शकुन उठली. आपल्याच अंगणवाडीत घडल्यासारखं तिनं सगळं साभिनय सांगितलं. बायका हसून लोळल्या. "चूक सांगावी ती अशी मोकळेपणानं," बाई म्हणाल्या, आणि चक्क टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले.

"काऊन सांगतलं तू? चूक माही होती."

"तू रडून राहिली होती ना वो. मंग?"

माझी चूकसुद्धा तिनं पळवली आणि टाळ्या घेतल्या. असल्या उपकाराचा राग आला तर तो सांगायचा कुणाला?

ती गेल्यावर, नवीन सेविका येईपर्यंत, तिच्या अंगणवाडीचा कारभार माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी दाराजवळची माची पाहिली आणि थेट टेकायला गेले. एक चिमुरडी आडवी आली.

"त्यावर नोको बसू. ते बाईची हाय."

मी सतरंजीवर बसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गाणं येते का तुमाले?" पोरं उभी राहिली, डोक्याला बोटांची शिंगं लावली आणि पाय आपटत रानगव्याचं गाणं म्हणू लागली. ते गाणं माझं! माझ्या पोरांसाठी मी रचलेलं, बैठकीत एकदाच म्हणून दाखवलेलं. तेव्हा शकुन खिडकीबाहेर पाहत होती, म्हणून मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

"कोणी शिकवलं हे?"

"बाईनं," तीच चिमुरडी म्हणाली. "नाल्यापल्याडच्या बाईचं हाय म्हने. मले तिच्यावानी जमत नाई, असं बाई म्हने."

हे तिला माझ्या तोंडावर सांगता आलं नसतं का?... माची दाराजवळ तशीच आहे. मी रोज तिच्या शेजारी खाली बसते आणि पोरांकडून ते गाणं म्हणवून घेते. माझ्या पोरांपेक्षा ही जास्त सुरात म्हणतात. त्याचाही मला राग येतो.